ओल्या भिंतीचा अर्ज

या, जवळ या. तिकडे पंख्याखाली नको, इथे माझ्या बाजूला बसा. आणि अंक हातात घेतल्या घेतल्या राशिभविष्याचं पान काय शोधता रे? ते कुठे पळून जात नाही. परळच्या हॉस्पिटलात जाता, भायखळ्याच्या भाजीबाजारातून पिशव्या भरून आणता, तिथल्या एका गल्लीच्या तोंडावरून शंभरदा गेला असाल. आत काळ्या दगडाचं, मंगळुरी कौलांचं एक बुटकं चर्च आहे, ते पाहिलंय कुणी? नाही. त्याच्या मागचा टॉवर पाहिलाय. तिथल्या फ्लॅटचा भावसुद्धा सांगाल. चर्च म्हटलं की, "असं? इथे चर्च आहे?" थोडी लाज वाटली पाहिजे. असो, रागावून झालं. आता ऐका.

माझी नोकरी काय, हे एका वाक्यात मला कधी सांगता आलं नाही. माझ्या सासूबाईंना मात्र आलं. त्या नायगावच्या चाळीत शेजारणींना सांगायच्या, "आमची सून देवाच्या घरासाठी भीक मागते, पण टाईप करून." टोमणा होता तो. पण इतकी चोख व्याख्या मला पुढे कुणी दिली नाही.

गिरगावात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं दोन टेबलांचं ऑफिस होतं. जुन्या चर्चना दुरुस्तीसाठी पैसा कुठून मिळेल आणि सल्ला कोण देईल, एवढंच शोधून द्यायचं काम. मी लागले टायपिस्ट म्हणून. जुनी अकरावी, त्यातही इंग्रजीत गटांगळ्या. पण ज्या इमारतींचे अर्ज टाईप करायचे, त्या बघायला हव्यात ना? म्हणून रविवारी चर्चनंतर मी दुसऱ्यांची चर्च बघत हिंडायची. गवंड्यांना प्रश्न विचारायची. दगडांमधल्या फटींना दरजा म्हणतात, छप्पर पेलणाऱ्या लाकडी सांगाड्याला कैची म्हणतात, आणि नव्वद टक्के रोग पन्हळीत असतो हे सगळं मी उन्हात उभं राहून शिकले. हळूहळू टायपिस्टची मी अर्जवाली बाई झाले.

लोकांना वाटतं, चर्च म्हणजे परदेशातून पैसा येत असेल. अरे, कुठला परदेश! आमच्या मराठी मंडळ्या म्हणजे गिरणीतले, पालिकेतले, हॉस्पिटलातल्या नर्स आणि आया. दानपेटीतून विजेचं बिल निघालं तरी पाळकसाहेब स्तोत्र म्हणायचे. पैसा मिळायचा तो इथलाच. राज्याकडे वारशासाठी निधी असतो, पण इमारत यादीत असावी लागते. जिल्ह्याच्या विकासाच्या पैशातून कधी काही सुटतं, पण त्याला वजनदार माणसाचं पत्र लागतं. काही जुने धर्मादाय ट्रस्ट आहेत. हल्ली कंपन्याही देतात. प्रत्येकाचा फॉर्म वेगळा आणि प्रत्येकाचा रुसवा वेगळा. एकाला नकाशा हवा, दुसऱ्याला ठराव हवा, तिसऱ्याला उद्घाटनाला फीत हवी.

माझा एक हट्ट होता. पैसा मागायला आलेल्याला मी आधी सल्ल्याकडे पाठवायची. जाणकार आर्किटेक्टने इमारत बघितल्याशिवाय अर्जाला हात लावायची नाही. त्यावरून किती जण माझ्यावर रुसले! एका पाळकांना गळतं छप्पर तसंच ठेवून खाली ग्रॅनाइट घालायचं होतं. म्हणाले, "बाई, गळलं तरी पुसायला सोपं जाईल." एका दात्यांना आपल्या नावाची पाटी वेदीपेक्षा मोठी हवी होती. मी त्यांना विचारलं, "साहेब, लोकांनी प्रार्थना कुणाची करायची ते तरी ठरवू या." पाटी लहान झाली. पैसे मात्र पूर्ण दिले हो त्यांनी, खोटं कशाला बोलू?

पण मी आधीपासून अशी हट्टी नव्हते. ती गोष्ट सांगायला मला बराच धीर गोळा करावा लागला. ती त्या गल्लीतल्या चर्चचीच आहे.

माझ्या निवृत्तीला साधारण वर्ष उरलं होतं. एका सकाळी तिथले पाळकसाहेब ऑफिसात आले. तरुण, नुकतेच बदलून आलेले. त्यांच्यासोबत मार्थाबाई. सत्तरी ओलांडलेल्या, हॉस्पिटलात आया म्हणून जन्म काढलेल्या, आवाज असा की वॉर्डच्या या टोकाहून त्या टोकाला जावा. पाळकसाहेबांनी टेबलावर दोन कागद ठेवले. एक पालिकेची नोटीस: मुख्य सभागृहाच्या भिंती धोकादायक, वापर बंद करा. दुसरं त्यांच्या वरच्या मंडळाचं पत्र: वर्षभरात दुरुस्तीची सोय झाली नाही, तर या मंडळीतल्या कुटुंबांना आसपासच्या चर्चमध्ये वाटून द्यावं लागेल.

"वाटून म्हणजे?" मार्थाबाईंनी मलाच दरडावलं. "आम्ही काय प्रसादाची केळी आहोत?"

मग त्यांनी फोटो काढले. बारा फोटो. प्रत्येकात मंडळी ओळीने उभी, ठेवणीतल्या साड्या, गजरे, पुरुषांचे इस्त्रीचे शर्ट.

"पाळकसाहेब, यात भिंतीची भेग कुठाय?"

"मागे आहे."

"कुणाच्या मागे?"

ते घुटमळले. "मार्थाबाईंच्या."

"मला कुणी सरकायला सांगितलंच नाही," मार्थाबाई म्हणाल्या. "फोटो काढायचा म्हटल्यावर माणूस पुढे येणार की मागे जाणार?"

त्या बारा फोटोंत भेग नव्हती, पण चाळीस माणसं होती. मी ते परत केले नाहीत. फाइलला लावले.

दुसऱ्या दिवशी मी दोघांना घेऊन तिथे गेले. एक देवयानी, जुन्या इमारतींची तरुण आर्किटेक्ट, बोलायला मऊ आणि कामाला कडक. दुसरे राणे मिस्त्री, लालबागला राहणारे, मालवणकडचे, चुन्यात केस पांढरे झालेले गवंडी. आमच्या प्रत्येक सल्ल्यामागे या दोघांचे डोळे असायचे.

चर्चच्या आत दाराशीच थांबून बघितलं, आणि मला हसावं की रडावं कळेना. भिंतीवर दोन खांबांमधला एक खण पिस्ता, शेजारचा फिकट निळा, पुढचा क्रीम, त्याच्या पुढचा गुलाबी. सगळा चकचकीत ऑइल पेंट.

"हे आमचे खण," मार्थाबाई अभिमानाने म्हणाल्या. त्या मंडळीची रीत अशी होती की, घरातलं माणूस गेलं की ते घर भिंतीचा एक खण घेतं. नाव लिहायचं नाही, पाटी लावायची नाही. दरवर्षी नाताळच्या आधी आपल्या खणाला आपल्या हाताने रंग द्यायचा, झालं. रंग गेलेल्या माणसाच्या आवडीचा. "हा पिस्ता माझ्या यजमानांचा. गिरणीत सांचेखात्यात, मागांवर होते. त्यांच्या लग्नातल्या शर्टाचा रंग."

देवयानीने पिस्ता खणाच्या कोपऱ्यात नखाने टकटक केलं. पोकळ आवाज आला. रंगाचा पापुद्रा हलकेच उचलला, तर मागून पाण्याचा ओघळ आला. आत सिमेंटचा गिलावा, त्याच्या आत भिजून भुसभुशीत झालेला जुना चुना.

"पाऊस येऊन जातो," ती म्हणाली. "पण भिंत वाळत नाही. बाहेर पडायला वाटच नाही तिला. आतून सिमेंट, वरून ऑइल पेंटचे थर. दगड धरून ठेवणारा चुना कुजलाय."

राणे मिस्त्रींनी भिंतीवर हात फिरवला. "माणसाक रेनकोट घालून गादयेर झोपवल्यासारख्या केल्यानी हिका. भिंतीक घाम येता, तो खंयसून भायर जातलो?"

मार्थाबाईंचा चेहरा पडला. मग देवयानीने साधा प्रश्न विचारला, "सिमेंट कधी केलं? कुणी सुचवलं?"

पाळकसाहेब नवीन. मार्थाबाई आठवत म्हणाल्या, "लई वर्षं झाली. गिरगावातल्या कुठल्याशा ऑफिसातून पैसे मिळाले होते. तेव्हा काय छान गुळगुळीत झालं होतं!"

माझ्या पहिल्या अर्जाचं चर्च हेच, हे मला ठाऊक होतं; पण रोगाचं मूळ माझ्याच कागदात असेल, हे तोवर मनात आलं नव्हतं. ते ऑफिस आमचं होतं. तो अर्ज माझा होता. टायपिस्ट असताना मी स्वतःच्या अकलेने केलेला पहिला अर्ज. साहेब रजेवर होते, दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती, कुणा आर्किटेक्टला विचारायला सवड नव्हती. 'भिंतींना पक्का सिमेंट गिलावा' असं मीच टाईप केलं होतं. 'पक्का' हा शब्द माझा. मंजूर झाल्यावर पेढे वाटले होते आणि पुढे तीस वर्षं नवीन आलेल्या प्रत्येकाला तो किस्सा सांगत आले होते.

देवयानी मोजमापं घेत राहिली, मी वही धरून उभी राहिले. घरी जाताना बसमध्ये माझा नायगावचा स्टॉप येऊन गेला, तो मला कळलाही नाही.

पैसा कुठून मिळेल ते मला दिसत होतं. मुंबई आणि कोकणातल्या जुन्या वास्तूंना मदत करणारा एक ट्रस्ट होता. शर्ती तीन. जाणकाराचा अहवाल, मंडळीचा लेखी ठराव, आणि फॉर्मच्या शेवटच्या रकान्याचं उत्तर: काम झाल्यावर पुढे देखभाल कोण करणार? त्या रकान्यात आजवर सगळे 'मंडळी करील' असं लिहायचे, आणि ट्रस्टवाले मान हलवून फाइल खाली ठेवायचे.

देवयानीचा अहवाल स्पष्ट होता. सगळा ऑइल पेंट आणि सगळं सिमेंट काढायचं. भिंत वाळू द्यायची. मग चुन्याचा गिलावा आणि वर एकाच रंगाचा, म्हणजे पिवडी घातलेला फिकट पिवळा चुना. कारण भिंतीचा मूळचा रंग तोच होता.

ठरावासाठी मंडळी आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जमली. नोटीस लागल्यापासून त्यांची उपासनाही तिथेच चालायची. पाळकसाहेबांनी अहवाल वाचून दाखवला आणि एकच कल्ला झाला.

"आमच्या आईचा खण खरवडणार?"

"सगळं एकाच रंगात? मग आमचा कुठला ते ओळखायचं कसं?"

मार्थाबाई उभ्या राहिल्या. "देवयानीबाई शिकलेल्या आहेत, मान्य. पण ती आमची माणसं आहेत भिंतीवर. माझ्या यजमानांना छिन्नी लावणार असाल तर खुशाल वाटून टाका मंडळीला."

टाळ्या पडल्या. ठराव बुडाला, हे मला दिसत होतं. आणि मनातून हेही दिसत होतं की, यांना आपले रंग सोडायला सांगायचा हक्क मला नाही, जोवर मी माझं झाकून ठेवलंय.

मी उठले. म्हटलं, "ऑइल पेंट तुमचा, पण त्याच्या खालचं सिमेंट माझं आहे." आणि सगळं सांगितलं. मुदत, टाईप केलेला शब्द, पेढे, सगळं.

"म्हणजे बाई, तू आम्हाला फसवलंस?" मार्थाबाई.

"फसवलं नाही. मला कळत नव्हतं."

"मग आता कळतं, हे कशावरून?"

देवयानी माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. तेवढ्यात मागून राणे मिस्त्री म्हणाले, "बाय, वेस्ट्रीतला कपाट जरा सरकवया. माका कायतरी बघूचा आसा."

वेस्ट्री म्हणजे वेदीमागची पाळकांची लहान खोली. तिला नोटीस नव्हती. चौघांनी मिळून सागवानी कपाट ओढलं. मागे सिमेंट नव्हतं! फिकट पिवळी, जुनी, चुन्याची भिंत. आणि मला एकदम आठवलं. त्या वेळी पैसे संपले होते. कपाटामागे कोण बघतंय म्हणून तेवढा तुकडा कंत्राटदाराने सोडून दिला होता, आणि त्यावरून मी त्याच्याशी कडाक्याचं भांडले होते.

"मार्थाबाई," मी म्हटलं, "मला कळतं की नाही ते सोडा. इथे हात लावा. मग शेजारी लावा."

त्यांनी आधी कपाटामागच्या भिंतीवर पंजा टेकवला. मग शेजारच्या सिमेंटवर, ज्यावर क्रीम पेंट होता. पुन्हा पहिल्यावर. एक भिंत, एक पाऊस, पण एक तळवा कोरडा आणि एक ओला. त्यांनी ओला हात पदराला पुसला. मागे रांग लागली. एकेक जण येऊन दोन्हीकडे हात लावून जाऊ लागला. त्या भिंतीने माझ्यापेक्षा चांगला अर्ज केला हो.

"मग दरवर्षी आम्ही करायचं काय?" मार्थाबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "हात बांधून बसायचं?"

"हात बांधून कित्याक?" राणे मिस्त्री म्हणाले. "चुन्याक दर वरसा हात लागताच. पातळ चुनो, तीन हात. नायतर भिंत रुसता."

मी आणि देवयानीने एकदमच एकमेकींकडे पाहिलं. जी रीत भिंतीला मारत होती, तीच भिंतीला हवी होती. फक्त डबा बदलायचा होता.

मार्थाबाईंनी त्या पिवळ्या तुकड्यावर पुन्हा एकदा हात फिरवला. शेवटी म्हणाल्या, "पिस्ता गेला तर गेला. रंग तुमचा. पण त्या खणाला हात माझाच लागला पाहिजे. दुसऱ्या कुणी कुंचा लावला तर याद राखा."

ठराव झाला. आणि मी जन्मात पहिल्यांदा शेवटचा रकाना भरताना हसले. 'मंडळी करील' लिहिलंच नाही. जोडपत्र लावलं: भिंतीचा नकाशा, त्यावर एकेक खण, प्रत्येक खणावर एका घराचं नाव, आणि त्या घरातल्या दोन माणसांच्या सह्या, एक म्हातारं, एक तरुण. शिवाय ते बारा फोटो. खाली लिहिलं: देखभाल करणारी माणसं, भिंतीसह.

ट्रस्टचे तिघे पाहणीला आले. त्यांच्यातले मोठे साहेब निवृत्त इंजिनियर, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी नकाशा उघडला आणि नेमकं बोट मार्थाबाईंच्या खणावर ठेवलं.

"बाई, आता कराल. पाच वर्षांनी कोण करणार?"

"पाच वर्षांनी मी असेन तर मी."

"आणि नसलात तर?"

"तर माझी सून. आळशी आहे, पण तेव्हा तो खण माझासुद्धा असेल ना. लाजेकाजेस्तव तरी करील." सून शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "करीन हो साहेब. नाहीतर या वरून ओरडतील." साहेब इतके हसले की, त्यांना चष्मा काढावा लागला.

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा मी ते उभ्याने वाचलं. मग बसून वाचलं. मग पाळकसाहेबांना फोन लावला, तर ते म्हणाले, "बाई, थांबा, स्पीकरवर टाकतो." पलीकडून जो आवाज आला तो फोनच्या बाहेर ऐकू येत होता. पालिकेच्या वारसा कमिटीचीही संमती मिळाली. वरच्या मंडळाचं पुढचं पत्र दोन ओळींचं होतं: मंडळी आहे तिथेच राहील. ते पत्र मार्थाबाईंनी लॅमिनेट करून घेतलं.

काम सोपं नव्हतं. सिमेंट छिन्नीने इंच इंच काढायचं, आतला दगड दुखवायचा नाही. मग भिंत वाळायची वाट बघायची. महिने गेले. लोक विचारायचे, "काम थांबलंय का?" मी म्हणायची, "नाही, भिंत श्वास घेतेय, तिला घेऊ द्या." आवारात चुन्याचा हौद केला. चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घातलं, तर सगळ्या गल्लीच्या मुंग्या उपासनेला येऊ लागल्या. मी तोवर निवृत्त झाले होते, पण रोज जायची. देवयानी म्हणायची, "मावशी, तुमचा पगार बंद झालाय." मी म्हणायची, "म्हणून तर आता मला कुणी काढू शकत नाही."

ईस्टरच्या, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या आठवड्यात सगळी घरं आपापल्या खणापुढे उभी राहिली. जुने कपडे, डोक्याला फडकी, हातात कुंचे. राणे मिस्त्री सगळ्यांना ओरडत फिरत होते, "पातळ! पातळ! श्रीखंड लावतंस काय?" मार्थाबाई स्टुलावर चढल्या, सून स्टूल धरून. चुना लावताना पाण्यासारखाच दिसतो, वाळल्यावर उमटतो. दुपारनंतर खण एकामागून एक उजळत गेले. संध्याकाळी अख्खं चर्च एकाच उन्हात बसल्यासारखं दिसत होतं. कुणाचा खण कुठे संपतो, ते आता ज्याचं त्यालाच ठाऊक.

पालिकेने नोटीस तोवर उठवली होती. आणि सणाच्या सकाळी मी काय पाहिलं सांगू? पूर्वी त्या चर्चमध्ये भिंतीकडेची बाकं कुणी घेत नसे. साड्या ओल्या व्हायच्या, पाठीला पांढरा भुगा लागायचा. सगळी गर्दी मधल्या वाटेला. त्या दिवशी मार्थाबाई सरळ आपल्या खणाशी गेल्या, नव्या कोऱ्या साडीत बाकावर बसल्या आणि भिंतीला ऐसपैस पाठ टेकली. प्रवचनात पाळकसाहेब काय बोलले देव जाणे, मी त्या पाठीकडेच बघत होते. उपासना संपल्यावर त्या उठल्या, वळल्या आणि मला म्हणाल्या, "बघ गं, काही लागलंय का?" काही लागलं नव्हतं. धाग्याएवढंही नाही.

त्यानंतर चार ठिकाणांहून फोन आले, "तुमचा तो खणांचा नकाशा पाठवता का?" पाठवते. सोबत माझ्या सिमेंटची गोष्टही पाठवते, सगळ्यात आधी ती वाचा म्हणून. पेढ्यांचा किस्सा मात्र आता सांगत नाही.

तर आता येणार कधी, ते सांगा. बघायला नुसतं येऊ नका. उत्तरेच्या भिंतीवर, खिडकीखाली एक खण आहे. त्याचं घर मुंबई सोडून गेलं, मागे कुणी राहिलं नाही. सध्या तो मीच करते, पण माझे गुडघे आता स्टुलावर चढायला नाही म्हणतात. नाताळच्या आधीच्या शनिवारी सकाळी आम्ही चुना लावतो. जात-धर्म कुणी विचारत नाही. चुना सगळ्यांच्या हाताला सारखाच चावतो. तुमचंही कुणी गेलेलं माणूस असेलच. जुने कपडे घालून या. कुंचे आमच्याकडे आहेत.